माशी, खाच आणि कारोय टाकाच

या वीकेंडला जरा वेगळा विषय घेऊया. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर जो छोटासा उंचवटा असतो, त्याला आपल्याकडे 'माशी' म्हणतात. मागच्या बाजूला एक पट्टी असते आणि त्या पट्टीत चौकोनी खाच. खाचेच्या मधोमध माशी आणायची, दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला पाहिजे आणि माथे एका पातळीत हवेत. बस्स. भिंग नाही, लेसर नाही. ऑलिम्पिकच्या पिस्तूल स्पर्धांमध्ये आजही फक्त एवढंच चालतं.

एवढ्याशा गोष्टीत इतिहास कसला, असं वाटेल. पण आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी रिव्हॉल्वरवर ही खाच म्हणजे वरच्या पट्टीत कोरलेली एक चर असायची, आणि माशी नळीवर पक्की बसवलेली. गोळ्या खाली लागतायत? मग कानस घ्या आणि माशी घासा. माशी बुटकी झाली की तिला खाचेत बरोबर आणायला नळीचं तोंड थोडं वर उचलावं लागतं आणि गोळी वर लागते. फक्त एक गोची: जास्त घासलं की संपलं, अनडू नाही!

युद्धात हे खपून जायचं. नेमबाजीचा खेळ झाल्यावर खपेना. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनचं मैदान 1890 साली बिस्ली इथं आलं आणि तिथल्या स्पर्धा इतक्या गाजल्या की अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीने 1894 मध्ये आपल्या रिव्हॉल्वरला 'बिस्ली' हेच नाव दिलं. त्याच्या टार्गेट मॉडेलमध्ये माशी आणि खाच सरकवता येत होती. पुढे मागच्या पट्टीला दोन स्क्रू आले, एक डावं-उजवं, एक वर-खाली. नियम सोपा: गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची खाच सरकवा. पुढची माशी हलवायची असेल तर बरोबर उलटं.

आता थोडं गणित (घाबरू नका, सहावीतलंच आहे). 25 मीटर पिस्तूल प्रकारात माशी आणि खाच यांच्यात जास्तीत जास्त 220 मिलिमीटर अंतर चालतं. 25 मीटर भागिले 220 मिलिमीटर म्हणजे साधारण 114. याचा अर्थ, माशी खाचेत 0.1 मिलिमीटर जरी बाजूला गेली तरी गोळी 11 मिलिमीटर बाजूला लागते. याउलट माशी-खाच अचूक जुळलेली आहे आणि सगळा हातच 1 सेंटिमीटर सरकला, तर गोळीही 1 सेंटिमीटरच सरकते. प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचं असतं, त्यामुळे हा शॉट अजूनही दहाच! म्हणूनच नेमबाज नजर माशीवर ठेवतात आणि टार्गेट धूसर दिसू देतात.

स्क्रूचं काय? समजा पाच गोळ्या टार्गेटभर विखुरल्या आहेत. अशा वेळी स्क्रू फिरवणं म्हणजे एका लॉगवरून बग फिक्स करणं. स्क्रू सगळा घोळका उचलून दुसरीकडे ठेवतो, पण घोळका लहान करत नाही. आपल्या भाषेत, बायस स्क्रूने जातो, व्हेरियन्स हातानेच घालवावा लागतो. आधी घोळका घट्ट, मग त्याचा मध्य काढायचा, मग क्लिक.

त्यातही ही सेटिंग एकट्या पिस्तुलाची नसतेच. गोळी नळीत असतानाच पिस्तूल मागे धक्का द्यायला लागतं, आणि तो धक्का कसा झेलला जातो हे पकडीवर अवलंबून असतं. पकड बदलली की तीच सेटिंग वेगळीकडे मारते.

आता हंगेरीला जाऊ. कारोय टाकाच हा तिथला लष्करी सार्जंट, उत्तम पिस्तूल नेमबाज. 1936 च्या ऑलिम्पिक संघात त्याला घेतलं नाही, कारण तेव्हा नियमाने फक्त अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता. तो नियम नंतर गेला. पण 1938 मध्ये लष्करी सरावात त्याच्या उजव्या हातातच हातबॉम्ब फुटला. नेम धरणारा हातच गेला. वर्षानुवर्षं पक्की झालेली पकड, मनगट, ट्रिगरवरचं बोट, सगळं शून्यावर.

गडी डाव्या हाताने सुरू झाला, कुणाला न सांगता. 1939 मध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकला. मग महायुद्ध. 1940 आणि 1944 ची ऑलिम्पिक झालीच नाहीत. 1948 मध्ये लंडनला रॅपिड फायर पिस्तूलमध्ये त्याने 600 पैकी 580 गुण मिळवले, विश्वविक्रम केला आणि सुवर्ण घेतलं. वय 38. चार वर्षांनी हेलसिंकीला पुन्हा सुवर्ण.

मला यात नुसती जिद्द दिसत नाही. खाच क्लिकने सरकवायला काही सेकंद लागतात. डाव्या हाताला मात्र प्रत्येक वेळी तीच पकड आणि तोच दाब शिकवायचा होता, आणि त्यासाठी कुठल्याच पिस्तुलावर स्क्रू नसतो.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचंही उदाहरण आहे. 2013 मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण, नंतर कोपराच्या दुखापतीने मोठा खंड, आणि 2018 च्या आशियाई खेळांत 25 मीटर पिस्तूलमध्ये शूट-ऑफ खेळून सुवर्ण. आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज.

असो. आता पुढच्या वेळी टीव्हीवर पिस्तूलची फायनल लागली की स्कोअरआधी नेमबाजाची पकड बघा. प्रत्येक शॉटला ती किती तशीच्या तशी राहते, खरी मॅच तिथे चाललेली असते.