बहिष्कार : वृत्तपत्रीय शब्दप्रयोगाचा इतिहास

बहिष्कार : एखादी व्यक्ती, समूह वा संस्था यांच्याशी असलेले व्यवहार सामुदायिक निर्णयाने तोडण्याच्या कृतीस बहिष्कार म्हणतात. ‘बहिस्’ (बाहेर) आणि ‘कृ’ (करणे) यांपासून हा संस्कृत शब्द सिद्ध झाला असून ‘बाहेर घालविणे’ हा त्याचा मूळ अर्थ होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० पर्यंतच्या मराठी वृत्तपत्रांत हा शब्द सामाजिक शिक्षा व राजकीय शस्त्र अशा दोन अर्थांनी वावरताना दिसतो.

यांपैकी पहिला अर्थ जुना आहे. जातीचे नियम मोडणाऱ्यास वाळीत टाकून त्याच्याशी रोटीबेटीव्यवहार बंद करणे, ही रूढ शिक्षा होती. वृत्तपत्रांमुळे अशा वादांना गावाबाहेरही प्रसिद्धी मिळू लागली. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहापान समारंभास गेलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापली गेली आणि ग्रामण्य उभे राहिले. त्यात न्या. म. गो. रानडे व बाळ गंगाधर टिळक यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले.

दुसऱ्या अर्थाचा उगम आयर्लंडमध्ये झाला. मेयो परगण्यातील एका जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२–९७) याच्याशी १८८० मध्ये कुळे, मजूर व दुकानदार यांनी सर्व व्यवहार तोडले. सैन्याच्या पहाऱ्यात बाहेरचे मजूर आणून त्याचे पीक काढावे लागले. वृत्तपत्रांनी या प्रकरणाला इतकी प्रसिद्धी दिली, की काही आठवड्यांतच ‘बॉयकॉट’ हे आडनाव इंग्रजीत क्रियापद बनले. येथे शिक्षेची दिशा उलटली होती. दुर्बलांनी बलिष्ठास एकाकी पाडले होते.

बंगालच्या फाळणीच्या वेळी हा अर्थ भारतीय राजकारणात दृढ झाला. कृष्णकुमार मित्र यांच्या ‘संजीवनी’ या कलकत्त्याच्या पत्राने १३ जुलै १९०५ रोजी ब्रिटिश मालावरील बहिष्काराची सूचना केली. ७ ऑगस्ट १९०५ च्या कलकत्त्यातील सभेत त्याविषयीचा ठराव संमत झाला. महाराष्ट्रात टिळकांचा ‘केसरी’ आणि शि. म. परांजपे यांचा ‘काळ’ यांनी त्याचा पुरस्कार केला. ‘बॉयकॉट’ला ‘बहिष्कार’ हा प्रतिशब्द सहज मिळाला. कारण त्यातील सामाजिक धाक वाचकांच्या परिचयाचा होता. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री पुढे सर्वतोमुखी झाली.

या धाकामुळेच शब्दाविषयी मतभेदही झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात बंगालच्या विशिष्ट परिस्थितीत हे शस्त्र समर्थनीय मानले. तथापि या शब्दात दुसऱ्यास इजा करण्याची सूडबुद्धी सूचित होत असल्याने स्वदेशीच्या कार्यासाठी तो वापरू नये, असे त्यांचे मत होते.

ज्यांना बहिष्कार ही नित्याची अवस्था होती, त्यांच्या पत्रांत या शब्दाला वेगळे वजन आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली आणि महाडच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. जो शब्द कलंक म्हणून लादला गेला होता, तोच येथे आरोपपत्र म्हणून मथळ्यावर आला. पाणवठ्यासारखे हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची मजुरी व बाजारहाट बंद करण्याचे प्रकार होत. स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालाने सामाजिक बहिष्काराच्या या दडपणाची नोंद घेतली. आंबेडकर या समितीचे सदस्य होते. गोलमेज परिषदेच्या वेळी त्यांनी असा बहिष्कार दंडनीय करण्याची मागणी केली. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. राजकीय बहिष्काराला आवर घालण्यासाठी परकीय सत्तेने केलेला कायदा अशा रीतीने सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या संरक्षणाचा नमुना ठरला.

महाराष्ट्र शासनाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये केलेला अधिनियम जुलै २०१७ पासून अंमलात आला. सभात्याग, मतदान किंवा वस्तू यांसंबंधी मात्र हाच शब्द निषेधाचे वैध साधन म्हणून रूढ राहिला. म्हणून जुन्या वृत्तपत्रांत ‘बहिष्कार’ हा शब्द आढळल्यास तो कोणी कोणावर घातला, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ निश्चित करता येत नाही.