किनाऱ्यावरची शिक्षकांची शाळा

किनाऱ्यावरच्या अभ्यास-सहलीत बहुधा असे घडते : मार्गदर्शक प्राण्याचे नाव सांगतो, मुले ते वहीत उतरवतात आणि पुढे चालू लागतात. पाहण्याचे काम मार्गदर्शकानेच उरकलेले असते. ते विद्यार्थ्याने करावे, आणि त्यासाठी आधी शिक्षकाने करावे, या विचाराने अमेरिकेत १८७३ साली एक शाळा भरली होती.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील बझर्ड्स उपसागरात पेनिकीज नावाचे लहानसे बेट आहे. न्यूयॉर्कचे व्यापारी जॉन अँडरसन यांनी ते बेट आणि ५०,००० डॉलर हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ लुई अगासी यांच्या हवाली केले. ८ जुलैला शाळा सुरू झाली. सुमारे ५० विद्यार्थी, बहुतेक शिक्षकच. त्यांत स्त्रियाही होत्या. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे. इमारती पुऱ्या झालेल्या नव्हत्या, म्हणून पहिले जेवण कोठारात झाले. वर तुळयांवर भिंगऱ्यांची घरटी होती.

अगासींची रीत साधी आणि कठोर होती. नमुना हाती द्यायचा, पुस्तक द्यायचे नाही. स्कडर नावाच्या विद्यार्थ्याला त्यांनी पूर्वी हार्वर्डमध्ये एकच मासा दिवसेंदिवस पाहायला लावला होता. पेनिकीजला तर समुद्रच दाराशी होता. तळ खरवडून आणलेले जिवंत प्राणी लगेच टेबलावर येत.

त्याच वर्षी डिसेंबरात अगासी वारले. १८७४ चा उन्हाळा त्यांच्या मुलाने चालवला आणि शाळा बंद पडली. पण तेथे शिकलेले बोस्टनचे शाळाशिक्षक चार्ल्स व्हिटमन १८८८ साली जवळच्या वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. १८७४ च्या विद्यार्थिनी कॉर्नेलिया क्लॅप या प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी दाखल झाल्या.

अगासींनी डार्विनचा उत्क्रांतिवाद अखेरपर्यंत मानला नाही. त्यांची मानववंशांविषयीची मते तर आज पूर्णपणे त्याज्य आहेत. तरीही व्हिटमन, मत्स्यतज्ज्ञ डेव्हिड जॉर्डन हे त्यांचे विद्यार्थी उत्क्रांतिवादी झाले. आमच्या मते हीच त्या शाळेची खरी कमाई : गुरूकडून त्यांनी पाहण्याची सवय घेतली, निष्कर्ष घेतले नाहीत.

१९०५ ते १९२१ या काळात बेटावर कुष्ठरुग्णालय होते. आज ते राज्याचे वन्यजीव अभयारण्य आहे आणि तेथे सुरय पक्षी घरटी करतात.