मऊ मोगरी आणि तांब्याची छिन्नी

अश्मयुग, ताम्रयुग, लोहयुग असा क्रम आपण वर्गात शिकवतो. त्यात लाकडाला जागा नाही. लाकूड कुजते, हे त्याचे एक कारण. पण तांब्याच्या छिन्नीवर घाव घालणारे हत्यार बहुतेक वेळा लाकडाचेच असे. ईजिप्तच्या कोरड्या हवेत ते टिकले.

सक्कारा येथे टी नावाच्या अधिकाऱ्याचे सुमारे ४,४०० वर्षांपूर्वीचे थडगे आहे. त्याच्या भिंतीवर नावा बांधणारे सुतार छिन्नीवर मोगरी मारताना कोरले आहेत. खऱ्याखुऱ्या मोगऱ्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. डोके आणि मूठ एकाच लाकडातून घडवलेली, आकार घंटेसारखा. कित्येकींच्या डोक्याभोवती खोल खाच पडली आहे. ही खाच नक्षी नव्हे, ती छिन्नीने खाल्लेली झीज आहे. आमच्या मते संग्रहालयात पाहण्याजोगी खरी गोष्ट हीच!

दगडी हातोडा त्यांच्याजवळ नव्हता का? होता. धातूचा पत्रा ते हातात धरलेल्या दगडानेच ठोकत. पण तांबे नरम. छिन्नीच्या माथ्यावर दगड बसला तर माथा चेपून छत्रीसारखा पसरतो. लाकूड किंचित दबते, त्यामुळे आघाताचा काळ वाढतो. संवेग तेवढाच, पण काळ जास्त, म्हणून कमाल बल कमी. झिजायचे ते लाकूड झिजते, छिन्नी वाचते. आणि छिन्नी वाचवणे भागच होते. देर-अल-मदिना येथील कारागिरांची तांब्याची हत्यारे राज्याच्या मालकीची असत; लेखनिक त्यांच्या वजनाची नोंद ठेवत.

या जोडीला मर्यादाही होती. चुनखडी व लाकूड तिला जुमानत, ग्रॅनाइट नाही. आस्वानच्या खाणीत डोलेराइटचे गोटे हातात धरून ग्रॅनाइट कुटावा लागे.

धातूच्या पत्र्यावर थेट मारतानाही मऊ मोगरी उपयोगी पडते, मात्र तिथे कारण वेगळे. लोखंडी घावाखाली तांब्याचा पत्रा पातळ होऊन पसरतो आणि कडकही होतो. लाकडाच्या घावाने तो मुख्यतः वाकतो. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम याच्या अगदी उलट. तिथे गुळगुळीत तोंडाच्या लोखंडी हातोडीने भांड्यावर ओळीने ठोके पाडतात. त्यांनी भांड्याला चकाकी येते, आणि तांब्याला ताठपणाही. म्हणजे इतर वेळी टाळायचा परिणाम इथे मुद्दाम साधला जातो.

पुढे मोगरीला कच्चे चामडे, रबर, नायलॉन अशी डोकी आली. रबर टिकाऊ करणाऱ्या गुडइयरच्या कृतीला अमेरिकेत १८४४ मध्ये पेटंट मिळाले. नायलॉन १९३५ चे.

वर्गात करून पाहू या. जाड, आवरण काढलेल्या तांब्याच्या तारेचे दोन तुकडे घ्या. दोन्ही लालसर होईपर्यंत तापवून गार करा. ते सहज वाकतील. आता एक तुकडा ऐरणीवर लोखंडी हातोडीने ठोका, दुसरा लाकडी मोगरीने. (कपडे धुण्याचे धोपाटणेही चालेल.) मग दोन्ही पुन्हा बोटांनी वाकवायला मुलांच्या हाती द्या. धोपाटण्यावर उमटलेला तारेचा वळही त्यांना दाखवा.