दोरीवरचे विमान

आपल्याकडच्या रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानांचा इतिहास मैदानावरून नव्हे, पोस्टाच्या खिडकीपासून सुरू करावा लागतो. साठी ओलांडलेल्यांना रेडिओचे लायसन्स आठवत असेल. १९३३च्या बिनतारी कायद्याने असे यंत्र नुसते बाळगायलाही परवाना लागे. घरातल्या रेडिओला तो लागे, तसा विमानाच्या पोटातल्या रिसीव्हरलाही. शिवाय उडवणाऱ्याच्या हातात चक्क ट्रान्समीटर, म्हणजे १८८५चा तार कायदाही आलाच.

अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचे ‘गफ’ हे विमान १९३७ साली रेडिओच्या हुकमावर उडले. त्या पिढीतली यंत्रणा आज पाहिली तर हसू येईल, पण ती फार हुशार होती. ट्रान्समीटरवर एकच बटण. रिसीव्हरला सिग्नल मिळाला की ‘एस्केपमेंट’ नावाची कळ सुटे आणि पीळ भरलेल्या रबराच्या जोरावर सुकाणू एका बाजूला वळे. बटण सोडले की सुकाणू सरळ, पुन्हा दाबले की दुसऱ्या बाजूला. मधली अवस्था नाहीच! रबराचा पीळ संपला की विमान वाऱ्याच्या स्वाधीन. हे जुने रिसीव्हर शेजारच्या लहरीही ओढून घेत. त्यामुळे एका वेळी एकच विमान आकाशात. पुढे क्रिस्टल आले. ट्रान्समीटरचा आणि रिसीव्हरचा क्रिस्टल जोडीने घ्यायचा, दोहोंत बहुधा ४५५ किलोहर्ट्झचे अंतर. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कोण कुठल्या लहरीवर आहे हे कळावे म्हणून अँटेनाला रंगीत फडके बांधत: तपकिरी म्हणजे २६.९९५, निळे म्हणजे २७.२५५. दोघे एकाच रंगावर आले की विमान जमिनीवर.

आपल्याकडे सोपा मार्ग दोरीचा होता. एनसीसीच्या हवाई शाखेतली मुले ‘कंट्रोल लाइन’ विमाने उडवत: हातात मूठ, तिला दोन तारा, आणि मिथेनॉल-एरंडेलाच्या धुराचा वास सोडत भोवती गरगरणारे विमान. तारांना परवाना लागत नव्हता. मुले दोरीवर राहिली ती केवळ गरिबीमुळे, असे म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. बाकीचे अर्धे कायद्यात आहे. विनापरवाना वस्तूची पावती कोण जपून ठेवणार? म्हणून या छंदाचे कागद आपल्या दप्तरांत शोधणे कठीण.

घरगुती रेडिओचे लायसन्स १९८०च्या दशकात गेले. २७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांना २००५ साली मोकळा झाला. त्याच वर्षी २.४ गिगाहर्ट्झही. त्या नव्या पट्ट्यात रंगीत फडक्यांची गरज उरली नाही. आमच्या म्हसवडला २००८पासून ‘माणदेशी तरंग’ हे स्वतःचे रेडिओ केंद्र आहे. १९३३च्या कायद्याची जागा घेणारा कायदा २०२३ साली संमत झाला.

कुणाच्या माळ्यावर लांब अँटेनाचा असा खोका असेल, तर भंगारात देण्याआधी आतल्या क्रिस्टलवरचा आकडा टिपून ठेवावा. फडके असेल तर तेही.