पौगंडावस्था : मुलग्यांमधील शारीरिक बदल

मुलग्याचे शरीर प्रौढ होण्याचा काळ. तो साधारणपणे ९ ते १४ या वयात सुरू होतो. मेंदूच्या संदेशाने पीयूषिका ग्रंथी जागी होते, तिच्या संप्रेरकांमुळे वृषणांत टेस्टोस्टेरॉन तयार होऊ लागते. वृषणांची वाढ ही पहिली खूण. मिसरूड बरीच नंतर फुटते. मधल्या काळात जांघेत व काखेत केस येतात, शिश्न वाढते, घाम व मुरुमे वाढतात. उंची जोमाने वाढते, ऐन भरात वर्षाला ९-१० सेंमी.; जूनमध्ये शिवलेली पँट दिवाळीत घोट्याच्या वर जाते. स्वरयंत्र मोठे होऊन स्वरतंतू लांबतात, म्हणून आवाज फुटतो. वर्गात मोठ्याने वाचताना तो मध्येच चिरकला की मुलगा गप्प बसू लागतो. अशा वेळी हसणे क्रूरपणाचे आहे. अनेकांची छाती काही काळ किंचित फुगते व दुखते; बहुधा ती आपोआप ओसरते.

झोपेत वीर्यस्खलन होणे नैसर्गिक आहे. त्याने अशक्तपणा येतो, ही समजूत निराधार असूनही भिंतींवरच्या ‘ताकदीच्या’ औषधांच्या जाहिराती तिच्यावरच पोसल्या जातात. समाजसुधारक र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून अशा लैंगिक अज्ञानाविरुद्ध एकाकी झुंज दिली.

२०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ केंद्रांतून किशोरांना सल्ला मिळतो. खेड्यातल्या मुलालाही तो मिळायला हवा. नवव्या वर्षाआधी बदल दिसल्यास किंवा चौदाव्यापर्यंत न दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे.