चाळिशीतली न दिसणारी रेघ

'चाळिशी' हा शब्द मला फार आवडतो. वयालाही चाळिशी आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच. "माझी चाळिशी कुठे ठेवलीत रे?" असं आजोबा ओरडले की आम्ही पोरं देव्हाऱ्यापासून पेपरच्या रद्दीपर्यंत सगळं धुंडाळायचो. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लहानपणापासूनच हळूहळू ताठर होत असतं. चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास ते इतकं ताठरतं की पेपर लांब धरावा लागतो, आणि एक दिवस हात पुरेनासे होतात.

आजोबांची चाळिशी साधी होती. वाचताना लावायची, उठताना काढायची. आता दुकानात प्रोग्रेसिव्ह मिळतात. एकाच काचेत वर दूरचा नंबर, खाली जवळचा, मध्ये कॉम्प्युटरचा, आणि रेघ कुठेच नाही. चष्मा हातात देताना दुकानदार एक वाक्य हमखास टाकतो, "दोन-चार दिवसांत सवय होईल." गंमत म्हणजे दहा-दहा वर्षं प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांनाही हे ऐकावं लागतं. गेल्या खेपेला माझा नंबर अजिबात बदलला नव्हता, काचांचं डिझाइन तेवढं नवीन होतं. तरी तीन दिवस जिन्याची पायरी पायानेच चाचपत होतो. नंबर तोच, डोळे तेच, मग सवय कशाची करायची? या प्रश्नामागे लागलो आणि थेट बेंजामिन फ्रँकलिनपर्यंत पोचलो.

फ्रँकलिनसाहेब तेव्हा पॅरिसजवळ पासी इथे अमेरिकेचे वकील म्हणून राहत होते. मे 1785 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी, त्यांनी लंडनच्या जॉर्ज व्हॉटली या मित्राला पत्र लिहिलं. पूर्वी प्रवासात दोन चष्मे घेऊन फिरावं लागे, एक वाचायला आणि एक आजूबाजूचा मुलूख बघायला. ती कटकट संपवायला त्यांनी दोन्ही प्रकारच्या काचा अर्ध्या कापून एकाच गोलात बसवून घेतल्या. आता नुसते डोळे वर-खाली केले की काम भागतं. पुढे ते सांगतात की जेवायला बसल्यावर ताटातलंही दिसतं आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही. फ्रेंच बोलणं कानाला नीट कळत नसलं तरी ओठांच्या हालचालींवरून कळतं, म्हणजे चष्म्यामुळे आपलं फ्रेंच सुधारलं!

हे सगळे सांगतात. त्याच पत्रातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. लंडनचे नामांकित चष्मेवाले डॉलंड यांचं मत पडलं होतं की असला दुहेरी चष्मा काही ठरावीक डोळ्यांनाच चालेल. त्यावर फ्रँकलिन म्हणतात, त्यांना त्याची रचना कोणी नीट सांगितलेली दिसत नाही. म्हणजे 'हा सगळ्यांना मानवत नाही' आणि 'तुम्हाला नीट समजावून सांगितलेलं नाही' हा वाद बायफोकलच्या जन्माइतकाच जुना आहे. (फ्रँकलिनच्या आधी कोणी बनवला होता का, यावर लोक अजून भांडतात. भांडोत.)

बायफोकलची रेघ कुरूप खरी, पण प्रामाणिक. इथून वर दूरचं, इथून खाली जवळचं. नजर रेघ ओलांडते तेव्हा दृश्य टुणकन उडी मारतं, पण ती कुठे मारणार हे वापरणाऱ्याला ठाऊक असतं. अडचण वेगळीच होती. साठीच्या पुढे डोळ्याची स्वतःची ताकद जवळजवळ संपते आणि हातभर अंतरावरचं, ना दूरचं ना जवळचं असं सगळं धूसर राहतं. भाजीवाल्याचा तराजू, ओट्यावरची कढई, हार्मोनियमसमोरची वही, सगळं नेमकं त्याच पट्ट्यात.

रेघ काढून नंबर हळूहळू वाढवत नेण्याची कल्पना जुनी आहे. ओवेन एव्हज या इंग्रजाने 1907 मध्येच तसं पेटंट घेतलं होतं, पण ती काच बाजारात काही आली नाही. कारण अगदी कारखान्यातलं आहे. साधं भिंग घडवणं म्हणजे एका वाटीत दुसरी घासणं. दोन पृष्ठभाग सगळ्या दिशांनी एकमेकांवर घासत राहिले की गोलाकार आपोआपच येतो, आणि गोलाचा बाक सगळीकडे सारखा. ज्या पृष्ठभागाचा बाक ठिकाणागणिक बदलतो तो असा घासून कसा निघणार? तो बिंदूबिंदूने कोरावा लागतो, आणि मग कोरलेलं न बिघडवता चकचकीत करावा लागतो.

हे जमवलं बर्नार मेतेनाझ या फ्रेंच इंजिनिअरने. तो 'एसेल' या पॅरिसच्या कंपनीत होता. 1849 मध्ये चष्मे बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन काढलेल्या सहकारी संस्थेपासून ही कंपनी वाढली होती. वडिलांचा बायफोकल डोळ्यांवर लावून पाहिला आणि तो वैतागला, अशी गोष्ट सांगतात. 1953 मध्ये पेटंट, मग काच कोरण्याची आणि मोजण्याची यंत्रं बनवण्यात काही वर्षं, आणि 1959 मध्ये 'व्हॅरिलक्स' पॅरिसमध्ये लोकांपुढे आली. पुन्हा पॅरिसच, फ्रँकलिनच्या पत्रानंतर 174 वर्षांनी.

त्या पहिल्या काचेत वरचा दूरचा भाग आणि खालचा जवळचा भाग बऱ्यापैकी स्वच्छ होते, आणि दोन्हींना जोडणारी एक अरुंद गल्ली होती. गल्लीच्या दोन्ही बाजूंना मात्र सगळं वाकडंतिकडं, धुरकट. दाराची चौकट धनुष्यासारखी वाकायची.

यंत्रं सुधारली की हे बाजूचं धुरकट जाईल, असं वाटणं स्वाभाविक होतं. 1963 मध्ये गुंटर मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने ती आशा संपवली. त्याचं प्रमेय असं: गल्लीतून खाली जाताना नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने गल्लीच्या बाजूला विकृती वाढते. कोणतीही कंपनी असो, कितीही पैसे मोजा. आकडे घालून बघू. दूर आणि जवळ यांतला फरक 2 नंबरचा, आणि गल्लीची लांबी 14 मिलिमीटर. मग मध्यापासून साधारण साडेतीन मिलिमीटर बाजूला गेलं की एक नंबरची विकृती, म्हणजे कामापुरती गल्ली 7 मिलिमीटर रुंद. फ्रेम लहान घेतलीत आणि गल्ली 10 मिलिमीटरवर आली, की रुंदी 5 मिलिमीटर. या शतकाच्या सुरुवातीला त्या बारक्या चौकोनी फ्रेमची फॅशन आली तेव्हा मध्यमवयीन मंडळींनी चष्मे घेतले देखणे, पण गल्लीचा पार बोळ झाला. पंचेचाळिशीत पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह घेणाऱ्याला पटकन सवय का होते, तेही यातच आलं. त्याचा फरक एकच नंबरचा असतो, म्हणून गल्ली दुप्पट रुंद. पंचावन्नाव्या वर्षी थेट 2 च्या फरकाने सुरुवात करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून बोळच.

धुरकट घालवता येत नाही, फक्त हलवता येतं. त्यानंतरचा सगळा इतिहास या हलवाहलवीचा आहे. 1972 ची 'व्हॅरिलक्स 2' आली तिने ते एका जागी दाबून न ठेवता काचभर पातळ पसरलं. चौकटी सरळ दिसू लागल्या, चालताना कमी डुलू लागलं, पण आधी जिथे अगदी लख्ख होतं तिथेही थोडी साय आली. या व्यवसायात पहिल्या प्रकाराला हार्ड आणि दुसऱ्याला सॉफ्ट डिझाइन म्हणतात. पुढे डाव्या-उजव्या डोळ्यांचा मेळ आला, मग कॉम्प्युटरने प्रत्येकाच्या नंबरसाठी आणि फ्रेमसाठी वेगळी काच कोरणं आलं. पण मिंकविट्झ जागच्या जागी. म्हणून नवं डिझाइन म्हणजे ओळखीच्या घरातलं फर्निचर रात्रीत कोणीतरी हलवून ठेवल्यासारखं आहे. खोली तीच, सामान तेच, पण नडगी आपटते.

मग सवय होते ती नेमकी कशाची? एक प्रयोग करा. पेपर स्थिर धरून मान भराभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून पेपर तेवढ्याच वेगाने हलवा. काही वाचता येत नाही. मान वळते तेव्हा कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा डोळ्यांना तेवढंच उलट फिरवते, आपण सांगायच्या आत. ही जोडणी आपल्या रोजच्या चष्म्याच्या मापाने बसलेली असते. काच बदलली की मोठं-लहान दिसण्याचं प्रमाण बदलतं, हिशेब चुकतो आणि खोली डुलते. प्रोग्रेसिव्हमध्ये हे प्रमाण काचेच्या प्रत्येक भागात निराळं, म्हणून हिशेबही अनेक.

मेंदू असे अनेक हिशेब ठेवू शकतो का? ऑस्ट्रियात इन्सब्रुकला थिओडोर एरिसमान आणि त्यांचा शिष्य इव्हो कोलर यांनी लोकांना चित्रविचित्र चष्मे दिवसेंदिवस घालायला लावले होते. कोलरच्या एका चष्म्यात फक्त वरच्या अर्ध्या भागात प्रिझम होतं, खाली साधं मोकळं. काही दिवसांनी माणसाला वर आणि खाली दोन्हीकडे ठीक दिसू लागलं. चष्मा काढल्यावर मात्र वर बघताना जग उलट्या बाजूला सरकायचं आणि खाली बघताना नाही. म्हणजे मेंदूने वरच्या नजरेचं आणि खालच्या नजरेचं खातं वेगवेगळं उघडलं होतं! कोलरचं हे काम 1951 मध्ये छापून आलं आणि मेतेनाझचं पेटंट 1953 चं. दोघांचा एकमेकांशी संबंध असल्याचं माझ्या वाचनात नाही, पण मेतेनाझची काच ज्या क्षमतेवर चालते ती कोलरने नुकतीच दाखवून दिली होती.

खातं उघडायला मात्र व्यवहार करावा लागतो. सकाळी उठल्याउठल्या नवा चष्मा चढवावा, जुन्याशी आलटून पालटून खेळू नये, हा सल्ला त्यासाठीच. दुपारी जुना लावलात की दोन्ही खाती गोंधळतात. बाजूला बघायचं तर बुबुळ न फिरवता नाक फिरवायचं. वाचताना मान खाली न घालता नजर खाली टाकायची. जिन्यावर बरोबर उलटं, हनुवटी छातीकडे घेऊन वरच्या भागातून पायरी बघायची. पाच मिनिटं लागतात हे सांगायला, आणि माझ्या मते ही पाच मिनिटं काचेच्या किमतीतच धरलेली असावीत.

त्याच्याही आधी बघायचं ते फ्रेमचं बसणं. फ्रेम नाकावरून दोन मिलिमीटर घसरली की गल्लीही तेवढीच खाली गेली. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने घसरतेच. मग माणूस बगळ्यासारखी मान वर करून वाचतो आणि म्हणतो, नंबर चुकला. शिवाय जवळचा नंबर बहुधा 40 सेंटिमीटरवर तपासतात. जमिनीवर पेपर पसरून मांडी घालून वाचणाऱ्याचं अंतर त्याहून बरंच जास्त असतं. वरच्या फळीवरच्या बरण्या वाचणारा किराणा दुकानदार तर वर बघतो, आणि वर असतो दूरचा नंबर. त्याला कितीही दिवस दिले तरी सवय होणार नाही. त्याचं काम आधी विचारायला हवं होतं.

हे काही नुसतं सोयीचं प्रकरण नाही. पायरी असते दीड मीटरवर आणि चष्म्याचा खालचा भाग बनलेला असतो हातातल्या पुस्तकासाठी. सिडनीत स्टीफन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 156 वृद्धांचा अभ्यास छापला. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं. मग ऑस्ट्रेलियातच 606 वृद्धांवर मोठी चाचणी झाली, ती 2010 मध्ये आली. निम्म्यांना चालण्याफिरण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा साधा चष्मा दिला. जे नियमित बाहेर पडणारे होते, त्यांचं पडणं सुमारे 40 टक्क्यांनी कमी झालं. जे फारसे बाहेर पडत नव्हते, त्यांचं बाहेर पडणं-झडणं उलट वाढलं. चष्मा तोच, पण माणूस वेगळा. घरातल्या ऐंशीच्या आजीला हौसेने नवीन डिझाइन आणून देणाऱ्या मुलांनी हा दुसरा निकाल जरूर वाचावा. तिचं जुनं खातं चालू असेल तर नंबरापुरतीच काच बदलावी, डिझाइन तेच मागावं.

ते डिझाइन कोणतं होतं, हे काचेवरच लिहिलेलं असतं. नवा चष्मा येतो तेव्हा त्यावर रंगीत खुणा असतात, बुबुळासमोर यायची फुली आणि जवळच्या भागाचं वर्तुळ. दुकानदार त्या स्पिरिटने पुसूनच चष्मा देतो. पुसण्याआधी लावून आरशात बघा, फुली बुबुळावर येते का. पुसल्यानंतरही दोन बारीक खुणा उरतात, एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर कोरलेल्या. त्यांच्या खाली जवळच्या नंबरचा आकडा आणि बहुतेकदा कंपनीचं चिन्ह. ट्यूबलाइटकडे काच तिरपी धरा, तोंडाची वाफ सोडा. दोन-तीन सेकंद दिसतात.