चूक कोणाच्या माथी?

१३ ऑगस्ट २०२० रोजी इंग्लंडमध्ये ए-लेव्हलचे, म्हणजे तिकडच्या बारावीचे, निकाल लागले. करोनामुळे परीक्षा झाल्याच नव्हत्या. शिक्षकांनी प्रत्येक विषयात मुलांच्या अपेक्षित श्रेणी कळवल्या आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत क्रम लावून दिला. ऑफक्वाल या नियामक संस्थेच्या सूत्राने क्रम तेवढा ठेवला. श्रेणी वाटताना भर दिला तो त्या शाळेच्या मागच्या तीन वर्षांच्या निकालांवर. ज्या शाळेत आजवर कोणी वरच्या श्रेणीत आले नव्हते, तिथल्या हुशार मुलीची वाट तिथेच अडली. विषयाला पाच किंवा त्याहून कमी मुले असतील, तर मात्र शिक्षकांचीच श्रेणी ग्राह्य धरली गेली, आणि असे छोटे वर्ग खासगी शाळांत जास्त. सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाखाली घसरल्या. मुले रस्त्यावर उतरली. १७ ऑगस्टला निर्णय फिरवावा लागला.

आज आपण ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो, ती ही नव्हे. तरीही या विषयात नव्याने येणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, कारण कोणाच्या मनात आकस नसतानाही भेदभाव कसा घडतो, हे इथे उघड दिसते. जुन्या निकालांत जुनी विषमता मुरलेली असते आणि सूत्र तीच पुढे चालवते.

पुढे साधने बदलली. लेख यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखणारी सात साधने स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध या साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. मोजके शब्द, साधी वाक्ये एवढाच त्यांचा गुन्हा. मराठी माध्यमातून शिकून जपून इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्या मुलांवरही हाच आळ येऊ शकतो.

म्हणून साधन किती अचूक आहे, एवढ्यावर शाळेने थांबू नये. चुका कोणत्या मुलांच्या वाट्याला येतात, दाद कोणाकडे मागायची आणि यंत्राचा निकाल फिरवण्याचा अधिकार कोणत्या शिक्षकाला आहे, हे आधी विचारावे. त्यासाठी गणित यावेच लागते असे नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात प्रवेश आणि मूल्यमापन ठरवणारी साधने जास्त जोखमीची मानली, आणि मुलांच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रांना, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, शाळेत बंदी घातली.

आपल्याकडे पेच आणखी अवघड आहे. जातीनिहाय चुका मोजायच्या, तर मुलांची जात नोंदवावी लागणार. ती नोंद कंपनीच्या हाती जाऊ नये, मोजणी शाळेच्या किंवा शिक्षण मंडळाच्या ताब्यात राहावी, असे माझे ठाम मत आहे. ते कसे साधायचे यावर अजून पुष्कळ काम व्हायचे आहे, आणि ते वर्गात रोज उभे राहणाऱ्यांशिवाय होणार नाही.